टाकव्याच्या चावडीवरचा चेहरा

लोणावळ्यात त्या काळी पाटी रंगवायची म्हटलं की लोक कादर आताराचं घर दाखवायचे. चिक्कीच्या निम्म्याअधिक दुकानांवरची अक्षरं त्याच्या हातची. मुंबईकरांच्या बंगल्यांची नावं, ट्रकच्या पाठीवरचे मोर, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, सगळं त्यानंच काढलेलं. आजा अत्तर-सुरमा विकत मावळभर हिंडायचा म्हणून आडनाव आतार, पण कादरच्या अंगाला अत्तर कधी लागलं नाही. टर्पेंटाइनचा वास मात्र आंघोळ केली तरी जात नसे.

हात स्थिर आणि स्वभाव संशयी. गिऱ्हाईक दारात आलं की हा आधी त्याच्या चपला बघायचा, मग तोंड. रंगाचा नवा डबा आणला तरी काडी घालून तळापर्यंत ढवळायचा, कंपनीनं खाली काय भरलंय कुणास ठाऊक म्हणून. बायको मुमताज म्हणायची, "तुम्ही पाऊस पडला तरी वर बघता, कोण ओततंय ते."

चौसष्ट सालची दिवाळी झाली आणि एक दिवस कोंडाजी गराडे सायकल घेऊन दारात उभा राहिला. कोंडाजी हा सरकारी कुष्ठरोग केंद्राचा माणूस. कामशेत, टाकवे, वडिवळे, उर्से अशी गावं पालथी घालायची, लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे आणि ज्याला लागण असेल त्याला गोळ्या सुरू करायच्या, हे त्याचं काम. गावात शिरला की बाया दारं लोटून घ्यायच्या. त्याचं नावच पडलं होतं 'चट्टेवाला'.

"पत्र्याच्या सहा पाट्या पाहिजेत," तो म्हणाला. "चित्रासकट."

"कसलं चित्र?"

कोंडाजीनं पिशवीतून छापील कागद काढून पसरला. त्यावर बोटं झडलेला एक हात होता आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत वीसेक ओळी. कादरनं कागद न शिवता पाहिला.

"हा लावला की लोक तोंड फिरवून जातात," कोंडाजी म्हणाला. "आणि ज्याला नुसता एक चट्टा उठलाय तो म्हणतो, माझी बोटं तर शाबूत आहेत. म्हणजे हा रोग माझा नव्हे. बोटं जाईपर्यंत थांबतो आणि मग येतो. मला त्या आधीचं चित्र हवंय. चट्टा कसा दिसतो, तिथं स्पर्श कसा कळत नाही, आणि गोळ्यांनी बरं होतं, एवढंच."

कादर ऐकत होता आणि मनात दुसरंच चाललं होतं. पुण्यात पेंटर मेले का? सरकारी काम पुणं सोडून लोणावळ्याच्या एका मुसलमान पेंटराकडे कशाला येईल? दुसऱ्यांनी नाही म्हटलं असणार. आणि दिवसभर रोग्यांचे हात धरणारा हा माणूस, याच्या स्वतःच्या अंगावर काय असेल? त्यानं कोंडाजीच्या मनगटाकडे, कानाच्या पाळीकडे, भुवयांकडे हळूच पाहून घेतलं.

मुमताजनं चहा आणला तो कान तुटलेल्या कपात. कोंडाजीनं कप पाहिला. चहा पिऊन झाल्यावर तो उठला, मोरीवर जाऊन त्यानं कप स्वतः विसळला आणि बाजूला पालथा घातला. कादरला ते बरं वाटलं नाही, पण त्यानं अडवलंही नाही.

काम त्यानं घेतलं ते दयेपोटी नव्हे. त्या छापील चित्रात अंगठा उलट्या बाजूला काढला होता. असलं काम लोकांपुढे टांगलेलं त्याला बघवेना.

"अक्षरं कमी करा," तो कोंडाजीला म्हणाला. "गावात वाचणारा एक, बघणारे शंभर. आणि रोगाचं नाव वर नको. महारोग, रगतपिती वाचलं की पुढचं कुणी बघणार नाही."

मग तो त्या चित्रात अडकला. चट्टा दाखवायचा कसा? सावळ्या कातडीवर जरा फिकट रंग दिला तर रंग उडाल्यासारखा दिसे. पांढरा दिला तर कोड वाटे. लाल दिला तर खरूज. आणि न कळणारा स्पर्श तर कुठल्याच रंगात येईना. तीन दिवस तो पत्र्याच्या तुकड्यांवर नुसते दंड काढून पुसत बसला. शेवटी कोंबडीचं पीस सुचलं. कोंडाजी तपासताना डोळे मिटायला सांगायचा आणि पिसानं कातडीला हलकेच शिवायचा. कादरनं एक बाई काढली. डोळे मिटलेले, दंड उघडा, दंडावर तांबूस फिकट चट्टा, चट्ट्यावर टेकलेलं पीस. खाली दोनच ओळी: 'पीस लागलेलं कळतंय का? नसेल कळत तर कामशेतच्या दवाखान्यात या, गोळ्यांनी बरं होतं.'

बाई कुणाची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. इथल्यासारखी दिसावी एवढंच कोंडाजीचं म्हणणं होतं. रुंद कपाळ, बसकं नाक, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. हात आपोआप चालत गेला. नमुन्याचा पत्रा टाकव्याच्या चावडीवर लागला.

पंधरा दिवसांनी कोंडाजी परत आला तो सायकल भिंतीला न टेकवताच बोलायला लागला.

"कादरभाई, तुम्ही ही बाई कुठनं काढलीत?"

"डोक्यातनं."

"पाटीवर शेण थापलंय लोकांनी. आणि टाकव्याच्या वरच्या वाडीतली चिमाबाई म्हणून आहे, तिला सासूनं गोठ्यात काढलंय. पाणवठ्यावर जाऊ देत नाहीत. सगळे म्हणतात, सरकारला ठाऊक आहे म्हणूनच हिचं चित्र लावलं."

"मी कुठल्या चिमाबाईला ओळखत नाही," कादर म्हणाला. त्याला वाटलं, हा माणूस आपल्यावर काहीतरी ढकलतोय. यानंच नाव फोडलं असेल आणि आता पेंटराच्या गळ्यात मारतोय.

दुसऱ्याच दिवशी चिमाबाई स्वतः आली. तीसेक वर्षांची असेल. बरोबर तिचा नवरा बहिरू होता, पण तो रस्त्यापलीकडे लिंबाखालीच थांबला. ती दारात उभी राहिली आणि कादरच्या हातातला ब्रश खाली आला. रुंद कपाळ, बसकं नाक, हनुवटीवर तीन ठिपके. कामशेतच्या बाजारात ती रानभाजी, करवंदं घेऊन बसायची. गेली चार वर्षं तो तिच्याकडून कुरडूची भाजी घ्यायचा. भाव करायचा, जुड्या उलटून बघायचा, आत पिवळी पानं घातलीत का म्हणून. नाव कधी विचारलं नव्हतं.

"माजं त्वांड तुमी कुटनं घेतलं, भाऊ?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

कादरनं ब्रश डब्यावर ठेवला. आणि त्याही क्षणी त्याची नजर गेली ती तिच्या दंडाकडे. चोळीच्या बाहीखाली काही असेल का? उगीच कशाला लोक बोलतील?

तिच्या ते ध्यानात आलं. तिनं पदर मागं टाकला, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि उजेडात हात पुढे धरले.

"बगा. नीट बगा. पीस हाय का घरात? डोळं मिटू का?"

मुमताज आतून आली आणि तिनं चिमाबाईच्या बाह्या खाली ओढल्या. "बसा, बाई," ती म्हणाली.

"बसाय न्हाई आले. माजी दोन लेकरं घरात हाईत नि मी गोठ्यात. धाकटं रडतंय ते आयकू येतं, घेता येत न्हाई. तुमी काडलं, तुमीच पुसा."

ती गेल्यावर मुमताजनं दार लोटलं. मग म्हणाली, "तुम्ही बघितलंत तिच्या हाताकडे. मी पाहिलं तुम्हाला बघताना."

कोंडाजीनं चिमाबाईला तपासलं होतं. अंगावर काही नाही असा डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा कागदही तिला दिला होता. तो कागद सासूनं, सावित्राबाईनं, गोठ्याच्या कुडात खोचून ठेवला होता, शिवायचाही नाही म्हणून काठीनं ढकलून. गावाचं म्हणणं, चट्टेवाला नि पेंटर एकाच माळेचे मणी, कागद देणारच.

कादर डबे-ब्रश पिशवीत घालून रेल्वेनं कान्ह्याला उतरला आणि पायी टाकव्याला गेला. चावडीपुढे पोहोचेपर्यंत मागं वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी राम राम केला नाही. त्यानं ओल्या फडक्यानं शेण पुसलं. खाली ती बाई डोळे मिटून तशीच होती. त्यानं तपकिरी रंगात ब्रश बुडवला.

"पुसताय का?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. गावात त्याला सगळे शिदूआबा म्हणायचे.

"पुसतो, आबा. चुकून झालं. मी बाजारात बघितलेलं तोंड हातात उतरलं. त्या बाईला काही नाही."

"आता असं म्हणनारच तुमी. नाव फुटलं म्हून पुसाय आला."

"न्हाई तर कशाला येतोय लोनावळ्यापास्नं?" मागून कुणीतरी म्हणालं.

कादरचा हात थांबला. त्याला संशय ओळखता येत होता, जन्मभर तोच तर पोसला होता. हे लोक चुकत नव्हते. आपणही त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पुसलं तरी चिमाबाईच, ठेवलं तरी चिमाबाईच. आणि दुसरी बाई काढली तर आठ दिवसांत दुसऱ्या कुठल्यातरी गोठ्यात दुसरी कुणीतरी.

"मग कुणाचं तोंड काढू?" त्यानं विचारलं. "तुमच्यापैकी कुणी देतंय?"

लोक एक पाऊल मागं सरले. पोरं आयांच्या पाठीमागं गेली. कादरनं पिशवीतून दाढीचा आरसा काढला. काम करताना तोंडाला रंग लागला तर बघायला तो नेहमी बरोबर असायचा. तो त्यानं चावडीच्या खिळ्याला अडकवला आणि चिमाबाईच्या चेहऱ्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवला. पत्रा उन्हात वाळेपर्यंत उकिडवा बसून राहिला. मग काढायला लागला. आधी टोपी, मग मिशा, मग गालावरचा देवीचा वण. लोक आरशात बघत, पत्र्यावर बघत आणि परत त्याच्याकडे बघत. दुपार कलली तेव्हा चावडीवर लोणावळ्याचा कादर पेंटर डोळे मिटून बसला होता, त्याच्या उघड्या दंडावर तांबूस फिकट चट्टा होता आणि चट्ट्यावर पीस टेकलं होतं.

"आता तरी पटलं?" त्यानं विचारलं.

शिदूआबा जवळ येऊन निरखत म्हणाला, "म्हंजे तुमालाच हाय व्हय."

कादर हसला नाही. रागावलाही नाही. सामान भरलं आणि निघाला.

उरलेल्या पाच पाट्याही त्यानं तशाच केल्या. कोंडाजीनं विरोध केला. "असं करू नका, कादरभाई. मी या कामात आहे म्हणून माझ्या बहिणीच्या सासरी मला ओसरीवर बसवतात. तुमचा धंदा आहे, मुलगी आहे." कादरनं त्याला गरम चहा दिला, चांगल्या कपात, आणि पाट्या पुऱ्या केल्या. का केल्या हे त्याला नीट सांगता आलं नसतं. चिमाबाईनं हात पुढे धरले तेव्हाची स्वतःची नजर त्याला विसरता येत नव्हती, एवढं खरं.

टाकव्यात हळूहळू फरक पडला. सावित्राबाईनं सुनेला घरात घेतलं, पण भाकरी थापायला बसवायला पावसाळा जावा लागला. बाजारात कादर भाजीला गेला तेव्हा चिमाबाईनं जुडी पुढे केली ती खाली बघूनच. एकदाही ती त्या पाटीविषयी बोलली नाही. कादरनं जुडी उलटून पाहिली नाही. पुढं तो तिच्याकडे गेला की जे देईल ते घेऊन यायचा.

लोणावळ्यात मात्र उलटं सुरू झालं. त्यातली एक पाटी कामशेतच्या बाजारात होती, आणि कामशेत काही लांब नव्हतं. चिक्कीवाल्या शेठनं नव्या दुकानाचं काम 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळलं. खाण्याच्या मालाचं दुकान, गिऱ्हाइकांना काय वाटेल? स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात त्याचा ग्लास वेगळा ठेवायला लागले, खिडकीत, निळ्या रेघेचा. मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सुटू लागली. त्याचे चुलते इब्राहिमचाचा म्हणाले, "तसबीर काढू नये म्हणून सांगत होतो. काढलीस ती काढलीस, तीही स्वतःची, तीही अशी." लैलाला, त्याच्या मुलीला, तळेगावचं स्थळ आलं होतं. त्यांच्याकडून निरोप आला की मुलाला अजून दोन वर्षं करायचं नाही. त्याच मुलाचं दोन महिन्यांत लग्न झालं.

एका शुक्रवारी सकाळी मुमताजनं त्याला खिडकीपाशी सदरा काढून बसवलं. उजेडात त्याची पाठ, खांदे, दंड तळहातानं चाचपून पाहिले. मग कोंबड्यांच्या खुराड्यातून एक पीस आणलं.

"डोळे मिटा."

"तूसुद्धा?"

"मिटा म्हणते ना."

तिनं सोळा ठिकाणी पीस लावलं. सोळाही ठिकाणी त्यानं बरोबर सांगितलं. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "मला ठाऊक होतं नाही म्हणून," ती म्हणाली. "तरी हात गेला."

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. कादर ट्रकांची कामं करायला लागला, ड्रायव्हर लांबचे असत, त्यांना त्याचं काही ठाऊक नसे. अशात उर्स्याचा एक शेतकरी आला. कोंडू त्याचं नाव. बैलगाडीच्या साट्याला रंग द्यायचाय म्हणाला, पण गाडी आणली नव्हती. कादरनं त्याच्या चपला पाहिल्या. चपलांना मागून पट्टे शिवले होते, पायातून निसटू नयेत म्हणून. कादर सावध झाला. हॉटेलवाल्यांनी खोदून विचारायला कुणाला तरी पाठवलं असेल, असं त्याला वाटलं.

कोंडूनं इकडेतिकडे पाहिलं आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरीवर तळहाताएवढा चट्टा होता.

"पेंटरभाऊ, तुमास्नी गुन आला का वो गोळ्यांनी?"

"मला कशाला विचारतोस? दवाखान्यात जा."

"डाक्टर काय बी सांगंल. सरकारचा पगार खातो. तुमी आपल्यातलं. तुमच्या अंगावर झालंय, तुमाला ठावं."

कादरनं खरं सांगायचं ठरवलं. "हे बघ, मला तो आजार नाही. कधी नव्हता."

कोंडूचा चेहरा पडला. त्यानं लेंगा खाली सोडला. "व्हय, व्हय. मी बी असंच सांगतो समद्यास्नी," तो म्हणाला आणि जायला वळला.

तो गेला असता तर परत दवाखान्याच्या वाटेला लागला नसता. कादर उठला. खोटं त्याच्या तोंडून निघेना, आणि खऱ्यानं माणूस हातचा जात होता. त्यानं टोपी घातली. "थांब," तो म्हणाला. "गोळ्यांनी बरं होतं. कोंडाजीच्या हातची बरी झालेली माणसं मी पाहिलीत. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

कामशेतच्या दवाखान्यात गोळ्यांचा दिवस ठरलेला असे. कादर कोंडूबरोबर रांगेत उभा राहिला. बाजाराला आलेल्या दहा जणांनी त्याला तिथं पाहिलं, आणि ज्यांना थोडीफार शंका होती त्यांची ती फिटली. पुढच्या महिन्यात वडिवळ्याची एक बाई भावाला घेऊन आली. मग तिच्या ओळखीचा आणखी एक. कुणी साट्याचं निमित्त काढी, कुणी देवळाच्या पाटीचं. प्रत्येकाला कादर आधी सांगायचा की मला हा आजार नाही. कुणाचाही विश्वास बसायचा नाही. मग तो टोपी घालायचा.

कोंडाजी एकदा म्हणाला, "माझ्या चार वर्षांच्या फिरतीत आले नाहीत तेवढे तुमच्यामागून आले."

"ते मला खोटारडा समजून येतात," कादर म्हणाला.

"कसे का येईनात."

कोंडूच्या पोटरीवरचा चट्टा तीन वर्षांत मावळला. पायाची बधिर झालेली बोटं काही परत जागी झाली नाहीत, पण झडलीही नाहीत. लैलाचं लग्न एकाहत्तर साली झालं. जावई दौंडकडचा, रेल्वेत फिटर. त्याला कादरनं लग्नाआधी घरी बोलावून सगळी हकिगत सांगितली आणि दंड उघडे करून दाखवले. तो पोरगा म्हणाला, "मामा, कपडे घाला. मला बाकीच्यांचं काही करायचं नाही." तरी पहिली दोन वर्षं तो सासुरवाडीला आला की पाणी बाहेरच्या नळाचंच प्यायचा. कादरच्या ते नजरेतून सुटलं नाही. 

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत कादर न्युमोनियानं गेला. दफनाआधी मयताला आंघोळ घालायला चौघे लागतात, आले सहा. इब्राहिमचाचा त्यात थोरले. दार लावून घेतलं. नेहमी हे काम पाव तासात उरकतं, त्या दिवशी बराच वेळ लागला. चौघांनी पाणी घातलं, दोघांनी पाहिलं. पाठ पाहिली, दंड पाहिले, कानामागं पाहिलं.

इब्राहिमचाचा बाहेर आले. मुमताज आतल्या खोलीच्या दाराशी बायकांत बसली होती. म्हातारा तिच्यापुढे थांबला.

"अंग निर्मळ होतं, बेटी," तो म्हणाला. "एक डाग नव्हता."

अंगणात हे पसरायला वेळ लागला नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती. टाकव्याकडून, उर्स्याकडून काही जण आले होते, ते फाटकाबाहेर वेगळे उभे होते. त्यांत कोंडू होता. लोणावळ्याचा एक दुकानदार हलक्या आवाजात म्हणाला, "आता नसणारच. इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या, रोग गेला असेल."

मुमताजनं ते ऐकलं.  ती उठली, चुलीवर चहाचं पातेलं चढवलं आणि फाटकाबाहेरच्या माणसांना आत येऊन बसायला सांग म्हणून लैलाला पाठवलं.